गळ्यात इष्टलिंग आहे, तरी मन का बसत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. घर लिंगायत. लहानपणी दीक्षा झाली, तेव्हा गुरूकडून मिळालेलं छोटं लिंग, म्हणजे इष्टलिंग, गळ्यात आहे, रोज पूजाही होते, पण तीन-चार मिनिटांत उरकते. मनाला शांती नाही म्हणून गेल्या चार वर्षांत दहा दिवसांचं शिबिर, मोबाइलवरचं ध्यान, प्राणायामाचा वर्ग, पहाटे चारला उठणं असं बरंच करून झालं. दर वेळी महिना-दीड महिना टिकलं आणि सुटलं. आता घरचे म्हणतात, ध्यान करायला लागल्यापासून हे जास्तच चिडतात. नेमकं काय चुकतं आणि आता कुठली साधना धरावी?

कुठली धरावी याचं उत्तर तुमच्या गळ्यातच आहे. पूजा तीन-चार मिनिटांत उरकते म्हणता, तर ती उरकताना जो भाग गळतो तोच ध्यानाचा भाग. पाणी, विभूती, गंध, अक्षता, बेल, उदबत्ती, दिवा हे सगळं होतं आणि डाव्या तळहातावरच्या लिंगाकडे बघत बसायचं तेवढं राहून जातं. आधीचं सगळं त्या बघण्याची तयारी आहे. तुमच्याकडे तयारी रोज होते आणि कार्य रोज राहतं.

पण चिडचिडीचं आधी बघू. ती कमी झाल्याशिवाय पुढचं टिकणार नाही, आणि अशा बाबतीत घरच्यांचं निरीक्षण बहुतेक वेळा खरं असतं.

साधना सुरू केल्यावर चिडचिड वाढते त्याचं सगळ्यांत मोठं कारण झोप. पहाटे चारचा गजर लावला, पण अंथरुणाला पाठ टेकायला साडेअकरा झाले, म्हणजे साडेचार तासांची झोप. एवढ्या झोपेवर कुणीही खेकसेल, त्यात अध्यात्माचा काही संबंध नाही. सात तास होत नसतील तर गजर बंद करा आणि सातला उठून बसा. ब्राह्ममुहूर्ताचं माहात्म्य खरं आहे, पण ते वेळेवर झोपणाऱ्यासाठी. रातपाळी करून आलेल्या माणसाचा ब्राह्ममुहूर्त दुपारी दोन-अडीचला असतो.

दुसरं कारण जरा नाजूक आहे. बसायला लागलं की शांतता आपल्या मालकीची वाटायला लागते. आत मिक्सर लागला, मुलाने टीव्ही लावला, दारात भाजीवालीने हाक दिली, की 'माझं ध्यान मोडलं' म्हणून डोक्यात जातं. खरं तर त्या आवाजाने लक्ष गेलं, तुम्हाला ते कळलं, आता परत यायचं, एवढाच मामला होता. घरात अमुक वेळी कुणी बोलायचं नाही असा नियम केला असेल तर तो आजच काढून टाका. घराने तुमच्यासाठी गप्प बसायचं आणि तुम्ही शांत व्हायचं, यातून शांती येत नाही, घरात धाक येतो.

तिसरं कारण चांगलं आहे. रोज बसणाऱ्याला स्वतःचा राग उठतानाच दिसायला लागतो. पूर्वीही तो तेवढाच होता, पण कळायचा नाही. कळणं आणि आवरणं यांच्यात काही महिने जातात. त्या काळात माणूस स्वतःलाच जास्त तापट वाटतो.

आता बसल्यावर काय करायचं ते. मन लिंगावरून सुटतं, सुटल्याचं तुमच्या ध्यानात येतं, तुम्ही ते परत आणता. हा एक फेरा. वीस मिनिटांत असे शंभर फेरे झाले की बैठक फुकट गेली असं वाटतं. फुकट गेलेली नसते, शंभर वेळा अभ्यास झालेला असतो. गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या २६व्या श्लोकात हेच सांगितलं आहे की चंचल मन जिथे-जिथे जाईल तिथून-तिथून ते आणावं. कितीदा आणावं, त्याचा आकडा तिथे नाही. तुमच्या खात्यात धागा तुटला की माग थांबतो, विणकर गाठ मारतो, माग पुन्हा चालू होतो. आज वीस वेळा तुटला म्हणून तो मागावर लाथ मारत नाही. लिंगासमोर बसताना मनाशी तसंच वागायचं. आणि घरी राग आल्यावर परत यायचं ते याच गाठीच्या सवयीने. म्हणून बैठक आणि घर हे दोन वेगळे विषय धरू नका.

बैठक. मांडी घालून बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर राहत असतील तर पाठीला कमान येते, दहा मिनिटांत कंबर धरते आणि पायाला मुंग्या येतात. दुखणं सुरू झालं की मन तिथेच जाऊन बसतं, लिंगावर नाही. उपाय घरातच आहे. जुनी, धुऊन मऊ झालेली ६० बाय ९० इंची सोलापुरी चादर घ्या. लांबीत तीनदा आणि रुंदीत दोनदा दुमडली की ३२ थर होतात. साधारण ११ बाय १५ इंचाची, तीनेक इंच उंच गादी तयार होते, बसल्यावर दाबून दोन-सव्वादोन इंच राहते. नवी चादर घेऊ नका, ती सरकते. या गादीवर पूर्ण बसायचं नाही, पुढच्या अर्ध्या भागावर बूड टेकवायचं आणि पाय खाली सतरंजीवर. गुडघे आपोआप खाली जातात आणि पाठ ओढून न धरता सरळ राहते. एका चादरीने गुडघे टेकत नसतील तर दुसरी घाला. गुडघ्याचं दुखणं असेल तर पाठ न टेकता खुर्चीवर बसा, तळपाय जमिनीवर. खुर्चीवर बसल्याने पूजा कमी प्रतीची होत नाही.

आता इष्टलिंग. घरच्या अय्यांनी (जंगम गुरूंनी) सांगितलेला क्रम असेल तर तोच ठेवा, इथे फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. स्नान झाल्यावर मधल्या तीन बोटांनी कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, रुद्राक्ष घालायचा, मग लिंग चौक्यातून, म्हणजे ते गळ्यात ज्या डबीत असतं तिच्यातून, काढायचं. डाव्या तळहातावर चिमूटभर कोरडी विभूती पसरून त्यावर लिंग ठेवायचं. या विभूतीला शास्त्राइतकंच व्यवहाराचंही कारण आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा ४२-४३ वर असताना तळहाताला घाम येतो आणि लिंग सरकतं. विभूतीने पकड येते. उजव्या हाताने थोडं पाणी, मऊ कापडाने टिपणं, गंध, अक्षता, बेल किंवा एखादं फूल, दिवा. याला सहा-सात मिनिटं लागू द्या. प्रत्येक कृतीला एकच श्वास हा सोपा नेम ठेवला तर घाई आपोआप मोडते. पाणी घालताना एक सावकाश श्वास, टिपताना एक, गंध लावताना एक.

मग बघणं. इथे बहुतेकांचं दोन गोष्टींमुळे बिनसतं, हात आणि उजेड. हात अधांतरी धरला की चार-पाच मिनिटांत कोपरापासून भरून येतो आणि मन हाताकडे जातं. मांडीवर उशी किंवा दुमडलेलं ब्लँकेट ठेवा आणि डावं कोपर त्यावर टेकवा. तळहात छातीच्या थोडा वर, डोळ्यांपासून अंदाजे एक वीत ते दीड वीत. मान वाकली तर उशी आणखी उंच करा, लिंगाकडे झुकू नका. उजेडाचं असं की लिंगाच्या काळ्या तुकतुकीत आवरणावर दिव्याचा एक बारीक ठिपका उमटतो, नजर तिथे ठेवायची असते. दिवा उजवीकडे, थोडा पुढे आणि लिंगापेक्षा किंचित वर असला की ठिपका एकच पडतो. समोर ट्यूबलाइट लागलेली असेल तर आवरणावर लांबच लांब पट्टा येतो आणि नजर ठरत नाही. ट्यूब बंद करा. पंख्याखाली ज्योत हलली की ठिपका थरथरतो, डोळे ताणतात, डोकं दुखतं. दिव्याला काचेची चिमणी लावा किंवा पंखा तेवढा वेळ हळू करा. सकाळी बाजूच्या खिडकीतून येणारा उजेडही चालतो.

डोळे अर्धे उघडे. पापण्या लवू द्या, न लवता बघायची जिद्द नको. पाणी आलं की डोळे मिटा, दहा श्वास थांबा, पुन्हा बघा. पहिल्या पंधरवड्यात पाच मिनिटं पुरेत, मग दर पंधरवड्याला दोन मिनिटं वाढवत अकरावर थांबा. काचबिंदू, नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन, अर्धशिशी किंवा फिट्स येत असतील तर हे डोळ्यांच्या किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच. अशांनी लिंग हातात धरून डोळे मिटून जप केला तरी साधना पूर्ण होते.

बघताना श्वास चारच्या गतीने आत, सहाच्या गतीने बाहेर. आत घेताना मनात 'ॐ', सोडताना 'नमः शिवाय'. मोजणी सेकंदांची धरली तर एका मिनिटात सहा श्वास होतात. बाहेर सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडणं लांबलं की शरीर निवतं. यात कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, नाही. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर श्वास रोखून धरायचाच नाही, आणि भस्त्रिका-कपालभाती कुणी सांगितलं म्हणून यात मिसळायची नाही. सहापर्यंत सोडताना दम कोंडत असेल तर आत तीन, बाहेर चार धरा. गुदमरून शांती मिळत नाही.

लिंग परत चौक्यात ठेवून, गळ्यात घालून मग एक माळ. 'ॐ नमः शिवाय' या षडक्षरीला साधारण तीन सेकंद धरले तर १०८ मण्यांना साडेपाच मिनिटं लागतात. दोन-अडीच मिनिटांत माळ संपत असेल तर जप होत नाही, मणी सरकतात. माळ मधल्या बोटावर, अंगठ्याने ओढायची, तर्जनी लांब, मेरू (माळेचा टोकाचा मणी) आला की ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलटं यायचं. पहिल्या महिन्यात जप तोंडाने, स्वतःला ऐकू येईल इतपत. दुसऱ्या महिन्यात फक्त ओठ हलतील असा उपांशु. मानस जप त्यानंतर. मानस श्रेष्ठ म्हणून लोक पहिल्याच दिवशी तिथे जातात, आणि मनात नाम चाललंय की ऑर्डरच्या तारखा हे त्यांचं त्यांनाही कळत नाही. आवाज हा नवख्याचा कठडा आहे. शेवटी दोन मिनिटं काहीच न करता बसून राहायचं. ही दोन मिनिटं कधीही कापू नका. पूजेतून ताडकन उठून फोन उचलला की सगळं तिथेच सांडतं.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी लिंगदीक्षेची परंपरा नाही त्यांनी बाजारातून लिंग आणून हा प्रयोग करू नये. ते गुरूच्या हातून येतं. तुमच्या घरचं जे नाम असेल, विठ्ठलाचं, स्वामींचं, मार्कंडेयाचं, भवानीचं, ते आणि समईची स्थिर ज्योत घ्या. बैठक, श्वास, माळ, पुढे येणाऱ्या अडचणी, सगळं तेच लागू होतं.

पाळ्यांचं गणित थोडं वेगळं बसवावं लागतं. घड्याळाची वेळ धरलीत तर दर आठवड्याला मोडेल, म्हणून 'उठल्यापासून तासाभरात' असं धरा. दिवसपाळीच्या आठवड्यात ते सकाळी येईल, रातपाळीच्या आठवड्यात दुपारी झोपून उठल्यावर. लिंगपूजेआधी तोंडात काही घालायचं नाही असा नेम घरी असेल, आणि रातपाळी करून भुकेने कावलेला माणूस सकाळी पूजा उरकतो ती त्यामुळेच. त्यात अपराध वाटून घेऊ नका. त्या आठवड्यात सकाळी तुमची तीन मिनिटांची पूजा करा, खा, झोपा, आणि मोठी बैठक उठल्यावर. कारखान्यातून आल्या-आल्या बसू नका. मागांची खडखड कानात पंधरा-वीस मिनिटं तरी राहते आणि तेवढा वेळ डोकं वरच्या पट्टीत असतं. हातपाय धुवा, खिडकीशी बसा, कुणाशी वाद होईल असा विषय काढू नका. खात्यात कानात बोळे घालायची सवय करा. हा सल्ला साधनेचा वाटत नाही, पण दिवसभर कानावर आदळणारा आवाज संध्याकाळच्या चिडचिडीत असतोच. नळाला पाणी यायच्या दिवशी घरात धावपळ असते, त्या दिवशी बैठक आठ मिनिटांचीच ठेवा आणि हंडे भरू लागा. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास. शेंगाचटणी आणि तेलकट कालवण रात्री दहाला झालं तर पहाटे छातीत जळजळ घेऊन बसाल.

आता मुख्य मुद्दा, महिना-दीड महिन्याचा. शिबिर, मोबाइल, प्राणायाम, पहाट, चारही वेळा तुम्ही एकाच टप्प्यावर उठलात. पहिले आठ-दहा दिवस नवेपणाचा उत्साह असतो, मन खरंच हलकं वाटतं. तिसऱ्या आठवड्यापासून ते ओसरतं आणि एक कोरडा पट्टा लागतो, कुणाचा सहाव्या आठवड्यापर्यंत, कुणाचा तीन महिन्यांपर्यंत. बसावंसं वाटत नाही, बसलं तरी काही होत नाही. मग पद्धत बदलली की नवेपणा पुन्हा येतो आणि वाटतं हीच आपली. दीड महिन्याने पुन्हा तोच पट्टा. पद्धतीत दोष नव्हता. या वेळी तो पट्टा येणार हे धरूनच बसा. त्या दिवसांत वेळ वाढवायचा नाही, नाम बदलायचं नाही, नवं प्रवचन ऐकून त्यातलं काही मिसळायचं नाही. अगदी नको वाटलं तर आठ मिनिटं, पण सलग दोन दिवस चुकवायचे नाहीत. एक दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट बसू नका, नेहमीएवढंच बसा.

या पट्ट्यात नेमकं काय-काय येतं त्याला जुनी, फार उपयोगी नावं आहेत: लय, विक्षेप, कषाय आणि रसास्वाद. गौडपादाचार्यांच्या माण्डूक्यकारिका या वेदान्तग्रंथात यांवरचे उपायही अर्ध्या-अर्ध्या ओळीत आले आहेत. नाव माहीत असलं की अर्धी भीती जाते.

लय म्हणजे डुलकी. हनुवटी खाली येते, नाम अर्धवट तुटतं, आणि पुष्कळजण हीच समाधी समजतात. उपाय एकच, जागं करणं. डोळे पूर्ण उघडा, जप मोठ्याने करा, उभे राहा. हातात लिंग असताना डुलकी आली तर ते आधी चौक्यात ठेवा, हे विसरू नका. सलग तीन दिवस डुलकी आली तर साधनेत काही बदलायचं नाही, रात्री तासभर आधी झोपायचं.

विक्षेप म्हणजे धावाधाव. माल कधी जाणार, कोण कामावर आलं नाही, मुलाची फी. बसण्याआधी दोन मिनिटं कागदावर ही यादी उतरवा आणि कागद पालथा ठेवा. मनाला भीती असते की विसरलं जाईल, कागदावर उतरलं की ते सोडतं. मग श्वास सोडणं लांबवा आणि श्वास एक ते दहा मोजा. दहाच्या पुढे चौदावर पोचलात की समजायचं सुटलं होतं, पुन्हा एकपासून.

कषाय सगळ्यांत अवघड, आणि तुमचं बहुधा इथेच अडतं. झोप नसते, विचारही पळत नसतात, पण आत काहीतरी घट्ट धरून बसलेलं असतं. कुणी चारचौघांत केलेला अपमान, भावाशी वाटणीवरून झालेलं, वडिलांशी बोलायचं राहून गेलेलं. छाती जड होते, घसा आवळतो, नाम चाललंय पण लागत नाही. कारिकेत यावर दिलेला शब्द आहे 'विजानीयात्', जाणून घ्यावं. ढकलायचं नाही, उकरायचंही नाही. मनात त्याला एका शब्दाचं नाव द्यायचं, 'राग', 'लाज', 'भीती'. शरीरात कुठे लागतंय ते बघायचं, तिथे लक्ष ठेवून तीन श्वास, आणि परत लिंगावर. कोण चुकलं, कोण बरोबर, हा खटला बैठकीत चालवायचा नाही. पण एकच गोष्ट आठवड्यामागून आठवडे येत असेल तर तिला बैठकीबाहेरचं काही तरी हवं असतं. फोन करायचा असतो, पैसे परत द्यायचे असतात, माफी मागायची असते. ते करा. माफी मागायच्या जागी माळा ओढून चालत नाही. इथे भले भले साधक वर्षानुवर्षं अडकलेले असतात, आणि एका फोनवर सुटलेलेही असतात.

रसास्वाद म्हणजे एखाद्या दिवशी लागलेली गोडी आणि दुसऱ्या दिवशी तिची हाव. डोळे मिटल्यावर लिंगाची उजळ आकृती दिसते, कधी रंगाचं वर्तुळ दिसतं. एका जागी बराच वेळ बघितल्यावर डोळ्याच्या पडद्यावर राहणारी ती प्रतिमा असते, काही सेकंदांत विरते. ती सिद्धी नव्हे आणि वाईटही नव्हे. कुणाला सांगत बसू नका, दुसऱ्या दिवशी शोधू नका.

तुम्ही सोलापूरचे, म्हणून एक गोष्ट तुमच्याच तळ्याकाठची. बाराव्या शतकात सिद्धराम, म्हणजे आपले सिद्धेश्वर, इथे, तेव्हाच्या सोन्नलगीत, तळं खोदत होते, गावाभोवती ६८ लिंगं स्थापत होते, अन्नछत्र चालवत होते. शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात असं येतं की बसवण्णांच्या काळचे शरण अल्लमप्रभू तिथे आले आणि माती उपसणारा सिद्धराम कुठे आहे, असं हिणवून विचारू लागले. काम करणाऱ्यांनी त्यांच्यावर दगड भिरकावले, आणि खुद्द सिद्धरामही संतापून धावून आले. एवढा मोठा कर्मयोगी, हजारोंचं पाणी ज्याच्या हातून होणार, त्याला एक टोमणा सहन झाला नाही. प्रभूंनी त्यावरच बोट ठेवलं: तळं खोदलंस, आत काय खोदलंस? पुढे सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) गेले आणि तिथे बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून त्यांना इष्टलिंगदीक्षा झाली. म्हणजे ज्यांनी गावाभोवती ६८ लिंगं बसवली, त्यांना तळहातावरचं एक लिंग त्यानंतर मिळालं. सेवा, धर्म, नीट केलेलं काम, हे सगळं असूनही राग जागच्या जागी राहू शकतो, हे कळायला यापेक्षा जवळचं उदाहरण सोलापूरकराला मिळणार नाही. आणि रागीट म्हणून प्रभूंनी त्यांना टाकलं नाही, हेही त्याच गोष्टीत आहे.

महिन्यातून एकदा सकाळी आठच्या आत सिद्धेश्वर मंदिरात जा, सोमवार आणि श्रावण सोडून. तळ्याच्या मधल्या त्या आवारात समाधीपाशी दहा मिनिटं बसा, मग चार पावलांना श्वास आत, सहा पावलांना बाहेर, असं सावकाश चाला. एप्रिल-मेमध्ये फरशी नऊनंतर पायाला चटके देते, मग चालणं पळणं होतं. जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या उंच काठ्या ज्या ६८ लिंगांना तैलाभिषेक करत फिरतात, त्यांचं दर्शनही असं पायी करता येतं. महिन्यातल्या एका रविवारी सहा धरली तर वर्षात पूर्ण होतात. शहर वाढलं तशी त्यातली बरीच आता भर वस्तीत आली आहेत, गाड्यांचे हॉर्न वाजत राहतात. नामाची परीक्षा तिथे चांगली होते. फोन घरी ठेवा.

प्रगती कशी मोजायची, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण कोरडा पट्टा ओलांडायला ते लागतं. एक साधी वही, चार रकाने: तारीख, किती मिनिटं बसलो, किती तास झोपलो, आणि आज चिडल्यावर परत यायला किती वेळ लागला. बैठक कशी झाली हे लिहायचं नाही. छान झाली, वाईट झाली, या शब्दांनीच रसास्वाद पोसला जातो. चौथा रकाना महत्त्वाचा. आधी एखाद्या भांडणाचा कडवटपणा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहत असेल, तो तीन महिन्यांनी रात्रीपर्यंत आला, मग तासावर आला, तर साधना चालली आहे, बैठकीत काहीही वाटो. राग यायचा थांबेल ही अपेक्षा वर्षभर तरी ठेवू नका. आणि महिन्यातून एकदा हा रकाना पत्नीला भरायला सांगा. तिचा आकडा तुमच्यापेक्षा मोठा निघेल, तोच खरा धरा.

गुरूबद्दल. दीक्षा झालेली आहे, म्हणजे गुरू आहे. घराण्याच्या अय्यांकडे किंवा मठात जाऊन एकदा पूजेचा क्रम पुन्हा नीट शिकून घ्या, लहानपणी कळलेलं फार थोडं असतं. लिंगाच्या आवरणाला तडा दिसला तर घरी काही चिकटवू नका, तेही तिथेच दाखवा. जो कुणी पैशांचा आकडा आधी सांगेल, अमुक दिवसांत साक्षात्काराची हमी देईल, घरच्यांपासून लपवायला सांगेल किंवा चालू औषध बंद करायला सांगेल, त्याच्याकडून उठून यायचं, कितीही नाव असो.

एक गोष्ट मात्र साधनेवर सोडू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत खाली असेल, कशातच रस नसेल, झोप-भूक गेली असेल, छातीत धडधडून घाम फुटत असेल किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक रात्री-अपरात्रीही मोफत लागतो. अशा अवस्थेत तासन्‌तास एकटं बसल्याने त्रास वाढू शकतो, म्हणून तेवढ्या काळात फक्त छोटी पूजा आणि तोंडाने जप ठेवा. गोळी घेतली म्हणून श्रद्धा उणी होत नाही.

सुरुवातीला फार जुळवाजुळव नको. पाळी बदलते त्या दिवशी सुरू करू नका, दिवसपाळीच्या आठवड्यातला दुसरा किंवा तिसरा दिवस धरा. आदल्या रात्री चादर दुमडून जागेवर ठेवा, दिव्याची चिमणी पुसून ठेवा, वहीत चार रेघा ओढा आणि दहाला झोपा. सकाळी तुमची नेहमीचीच पूजा करा. फक्त फूल वाहून झाल्यावर लिंग लगेच चौक्यात ठेवू नका, कोपर उशीवर टेकवा आणि पाच मिनिटं बघा.